आईच्या नावावर सांगितलेला नकार

बाबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची लिहिली. गारपिटीनंतर दोन दिवसांनी लिहिलेल्या त्या पत्रात असं आहे की मामानं जानेवारीतच आपल्या कन्हानच्या घराचं छप्पर बदलून द्यायची तयारी केली होती, पण आईनं ऐकलं नाही, आणि म्हणून तिच्या मनगटावर आज प्लास्टर आहे. हे खरं नाही. आईला छप्पर बदलायचंच होतं. नको मी म्हटलं होतं, आणि मामाला सांगताना ते आईच्या नावावर सांगितलं होतं. मामाशी खोटं बोलले ते एक वेळ समजून घेता येईल, तो ओरडला असता. पण तुम्हाला लिहिताना कोण ओरडणार होतं? ज्या पत्राला पत्ता नाही, जे कोणी उघडून वाचणार नाही, त्यातही मी आईलाच पुढे केलं. मी लॅबमध्ये रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव तीनदा वाचते, एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून. मैत्रिणी हसतात. त्यांना हे पत्र दाखवलं तर काय म्हणतील, ते मला माहीत आहे.

सगळं नीट सांगायचं तर मागे जावं लागेल. तुम्ही खाणीत रात्रपाळी करायचे आणि दिवसा मधल्या खोलीत झोपायचे. आपलं सगळं घर दुपारी कुजबुजत चालायचं. आई भांडी ओल्या फडक्यावर ठेवायची, म्हणजे आवाज होऊ नये. कुकर तुम्ही उठल्यावरच लागायचा. मी शाळेत जायच्या आधीच वाचायला शिकले ते आईजवळ, स्वयंपाकघरात, तुमच्या झोपेच्या वेळी, आणि म्हणून सगळी बाराखडी मी कुजबुजत शिकले. पहिलीत गेल्यावर बाईंनी उभं करून वाचायला सांगितलं तर माझा आवाजच फुटेना. बाईंना वाटलं, पोरीला येत नाही. चार वाजता तुम्ही उठायचे, चहा घ्यायचे आणि मग पुढची शाळा तुमच्याकडे. पाढे, घड्याळ, दिशा. उन्हाळ्यात कवेलू फेरायची, म्हणजे छपराची कौलं उलगडून पुन्हा बसवायची, वेळ आली की मग दिवसभर तीच शाळा. तुम्ही शिडी लावून छपरावर, मी खाली अंधाऱ्या खोलीत, हातात बांबूची लांब कामटी. वर कुठून उजेड येतो ते मी शोधायचं आणि त्या फटीतून कामटी वर काढायची. वरून तुम्हाला कामटीचं टोक दिसलं की तो फुटका कवेलू काढून दुसरा बसवायचा.

"कुठी आहे वं? दिसून नाही राहिली."

"इथं, बाबा. उगवतीकडं."

"उगवतीकडं म्हणजे कोणाकडं? म्हशीकडं का नळाकडं?"

"नळाकडं."

"मंग तसं सांग ना. सूर्याले काय आपलं घर माहीत आहे?"

मी खालून हसायचे आणि तोंडात माती जायची. आज विचार केला तर माझं सगळं लहानपण त्या छपराखालून वर बघण्यात गेलं आहे. त्यामुळे पुढे जे झालं ते समजून घ्यायला मला वेळ लागला, असं लिहिणार होते. पण वेळ लागला हे खरं नाही. मी समजून घेतलंच नाही.

मी दहाएक वर्षांची असेन. मामानं तेव्हा फॅब्रिकेशनचं काम नवीनच सुरू केलं होतं. तो एका दुपारी टिनाचा एक तुकडा घेऊन आला, आईला दाखवायला. नवा, चकचकीत, त्यात माझं तोंड वाकडं दिसत होतं. मला इतका आनंद झाला की मी चमचा घेतला आणि त्यावर वाजवायला लागले. तुम्ही मधल्या खोलीतून उठून आलात. डोळे लाल, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. तुम्ही मला कधी मारलं नाही, तेव्हाही नाही. चमचा माझ्या हातातून काढून घेतला, तो टिनाचा तुकडा उचलून बाहेर भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणालात, "हे घर आहे, गोदाम नाही. या घरावर टिन चढणार नाही." आई ओट्याजवळ उभी होती. मला रडू आलं ते चमच्यामुळे, पण डोक्यात राहिलं ते वाक्य. मी बारावीत असताना तुम्ही गेलात, अचानक, पाळीवरून आल्यावर. त्यानंतर तुमचं असं एकच वाक्य माझ्याजवळ होतं जे मला पाळता येईल असं होतं.

ते मी पाळलं. नोकरी लागली, नागपुरात प्रतापनगरला खोली घेतली, पण घराच्या छपराची काळजी मी सोडली नाही. आता कवेलू करणारे कुंभार राहिले नाहीत. दरवर्षी माकडं येतात, एका उडीत दहा कवेलू फोडतात. मग मी शोधत फिरायचे. कुही तालुक्यात एखादं जुनं घर पाडतात असं कळलं की सुट्टी टाकून जायचे, एकेक कवेलू बोटानं वाजवून बघायचे, तडा गेलेला बाजूला, चांगला टेंपोत. फेरणारा माणूसही मीच शोधायचे, कारण हे काम येणारे आता बोटावर मोजण्याइतके, आणि त्यांचेही गुडघे गेलेले. वस्तीतले लोक म्हणायचे, "पोरगी असून बापाचं घर जपून राहिली." मला ते ऐकायला आवडायचं, बाबा. फार आवडायचं. कधी कधी तर टेंपो आला की मी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी उतरायचे, म्हणजे चार लोकांना दिसावं.

आणि त्या छपराखाली राहायचं कोणी? मी महिन्यातून दोन रविवार जायचे. दुपारी मधल्या खोलीत आडवी व्हायचे, थंडगार वाटायचं, डोळे मिटून म्हणायचे, काही म्हणा, कवेलूची सर नाही कशाला. बाकीचे दिवस आई राहायची. वरून माती गळते, ती तिच्या भिजवलेल्या कणकेत पडते, म्हणून ती एका हातानं वर ताट धरून दुसऱ्या हातानं कणीक मळायची. एका उन्हाळ्यात अंथरुणात विंचू पडला. उंदरांचं तर सोडूनच द्या. वारा सुटला की ती रात्रभर जागी, कोणता कवेलू सरकला ते कान देऊन ऐकत. हे सगळं मला माहीत होतं. तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, गंमत म्हणून सांगितलं, आणि मी गंमत म्हणूनच ऐकलं.

दिवाळीत मामानं पुन्हा विषय काढला. त्याचं आता मोठं वर्कशॉप आहे. म्हणाला, "सिमेंटचा पत्रा नोको, तो गारेनं फुटते. चांगल्या जाडीचं टिन टाकू, पोचा पडन पण फुटणार नाही. खालून पीव्हीसीचं सीलिंग मारून देतो, गरम नाही होणार." आई लगेच हो म्हणाली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. जानेवारीत त्याचा मला फोन आला की छपराच्या सांगाड्याचे पाइप कापून झाले, कधी येऊ. मी म्हणाले, "मामा, आई नाही म्हणते आता." हे तोंडातून कसं निघालं ते मी स्वतःला खूपदा विचारलं. उत्तर साधं आहे. मी नको म्हणते असं सांगितलं असतं तर त्यानं मला दहा प्रश्न विचारले असते आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. आपल्या मोठ्या बहिणीला तो विचारणार नाही, असं मला वाटलं.

तो विचारायला आला. रविवारी सकाळीच, मी तिथे असताना. गाडी बंद न करताच आत आला.

"ताई, तू नाही म्हणली म्हणते? काहून?"

आई पोळ्या लाटत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डबा पुसत होते, तो पुसतच राहिले. मला वाटतं, तिला तेवढ्यात सगळं कळलं.

"हाव," ती म्हणाली. "मीच म्हणलं. गरम होते टिन."

"अवं पण सीलिंग मारून देतो म्हणलं ना तुले! दिवाळीत तूच नाचून राहिली होती!"

"तवा नाचली. आता नाही नाचत."

"साठी नाही आली अजून आन् बुद्धी नाठी झाली हिची. पाइप कापून ठेवले म्या, ते काय आता माह्या डोक्यावर बसवू?" मग तो माझ्याकडे वळला. "तू सांग वं हिले. शिकलेली आहेस ना तू? तुहं तरी ऐकन."

आणि मी म्हणाले, "मामा, तिची इच्छा."

बाबा, हे दोन शब्द मी लिहून पुन्हा वाचले. ते खोडावेत असं वाटलं, पण खोडले नाहीत. मामा हातात घेतलेला चहा तसाच ठेवून निघाला. दारातून म्हणाला, "राहा मंग याच्याखाली. मले पुन्हा बोलवू नोको." आई लाटत राहिली. तो गेल्यावर माझ्या ताटात पोळी टाकत तिनं विचारलं ते एवढंच, "भाजी गरम करू का तुले?" त्या दिवसापासून मामानं आपल्या घरात पाय ठेवला नाही, आणि वस्तीभर सांगत सुटला की ताई हेकट झाली. ज्या भावाला तिनं लहानपणी कडेवर वागवलं तो वस्तीतून जाताना तोंड फिरवून जायला लागला, आणि ती तेही गंमत म्हणून सांगायची, "गाडीचा आरसा पाहते असं दाखवते, आन् पाहते माह्याकडं."

मार्चमध्ये गारा पडल्या. मी लॅबमध्ये होते, प्रतापनगरकडे नुसता वारा होता. आईचा फोन आला.

"आवाज येऊन राहिला का तुले? थांब, वरतं धरते." तिनं फोन वर धरला. मला वाटलं कोणी खडी ओततंय. मग तिचा आवाज, जवळून. "लिंबाएवढ्या आहेत वं. मी परात घेऊन बसली डोक्यावर. कोणी पाहिलं तर म्हणन, बाई वेडी झाली." ती हसत होती. मग काहीतरी मोठं पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

मी वाटेतल्या कामठीपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. कन्हानला पोचले तोवर ऊन पडलं होतं. रस्त्याच्या कडेला गारा अजून पांढऱ्या दिसत होत्या आणि पोरं त्या ग्लासात भरत होती. घराचं दार उघडंच होतं. मधल्या खोलीत, जिथे तुम्ही झोपायचे, तिथून सरळ आकाश दिसत होतं. दिवाणावर कवेलूचे तुकडे आणि त्यांच्यात वितळत आलेल्या गारा. पिठाच्या डब्यात पाणी. परात उपडी पडलेली, तिला मधोमध खोल पोचा. आई शेजारच्यांच्या ओसरीत बसली होती, कवेलू पडून सुजलेला हात ओढणीनं गळ्यात बांधलेला. मला बघून पहिलं वाक्य, "चप्पल काढू नोको आत, पायात तुकडे जातीन." संध्याकाळी एक ऑटोवाला नवी ताडपत्री टाकून गेला. कोणी पाठवली ते त्यानं सांगितलं नाही, पण वर्कशॉपची दोरी आम्ही दोघींनी ओळखली. मामा स्वतः आला नाही. आणि त्यानंतर दोन दिवसांनी मी तुम्हाला लिहिलं की आईनं ऐकलं नाही.

त्या ताडपत्रीखाली ती अजून राहते आहे. मी माझ्या खोलीवर चल म्हणाले, ती आली नाही. म्हणाली घर उघडं टाकून कशी येऊ. परवाच्या रविवारी मी तिचे केस धुऊन देत होते, एका हातानं तिला जमत नाही. ती मोरीत पाटावर, मी मागे. समोरासमोर नव्हतो म्हणून मला विचारता आलं.

"आई, मामासमोर तू कबूल काहून केलं? तू तर नाही म्हटलंच नव्हतं."

"मंग काय, त्याच्यासमोर तुले खोटी पाडू?" ती म्हणाली. "पाणी गरम आहे जरासं."

मी थंड मिसळलं. मग मी म्हणाले की बाबांनी सांगितलं होतं या घरावर टिन चढणार नाही, ते मला मोडवत नव्हतं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"अवं, ते झोपेसाठी! रातभर खाणीत, आन् दिवसा टिनाखाली झोप लागते का नागपूरच्या उन्हात? एकदा शेजाऱ्याच्या टिनाखाली झोपून पाहिलं होतं त्यांनी. अर्ध्या तासात उठून आले भांडत, जसं का त्यानंच ऊन पाडलं. मले म्हणत, रिटायर होऊ दे, मंग तू म्हणशीन ते टाक. टिन टाक, सोनं टाक, मले काय करायचं." तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. "ते काही झालंच नाही. आन् मंग तू सुरू झाली."

"मग मला सांगायचं नाही का?"

"किती मनानं करून राहिली होती तू. कुठून कुठून आणत होती. म्हटलं, पोरीले बापासाठी काही करायचं असन, करू दे. माहं काय, मी राहतेच आहे."

ती पुढे नळाच्या पाण्याबद्दल बोलायला लागली. मी तिच्या केसांवर तांब्या रिकामा करत राहिले, साबण कधीच निघून गेला होता तरी.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करून बघते आहे. तुम्ही जे बोललात ते थकलेल्या माणसाचं बोलणं होतं. झोपमोड झाली म्हणून वैतागून म्हटलेलं. ते तुम्ही स्वतः मागे घेतलंही होतं, ज्या व्यक्तीला त्याचा त्रास होता तिच्याजवळ. तुमच्यानंतर तिची पाळी होती. तिच्या मनासारखं छप्पर व्हायचं होतं. तुम्ही ते तिला देऊन गेलात आणि मधे मी आडवी आले, तुमचं नाव घेऊन. तुमच्या झोपेसाठी ती इतकी वर्षं फडक्यावर भांडी ठेवत होती. तुम्ही गेल्यावर तिनं माझ्यासाठी तेच केलं, फक्त या वेळी झोपलेलं कोणी नव्हतं. लोक मला म्हणायचे बापाचं घर जपते. त्या घरात एक बाई राहते, हे त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही त्यांना आठवण करून दिली नाही.

थोडा राग तुमचाही आला, खरं सांगते. एकदा मलाही सांगितलं असतं. पण दहा वर्षांच्या पोरीला कोण सांगतं की मी झोपेत होतो, ते विसर. तिला चमचा परत देतात आणि होऊन जातं. चमचा तुम्ही मला संध्याकाळी परत दिला होता. हे मला काल आठवलं. इतकी वर्षं मी ते या गोष्टीत कधी धरलंच नव्हतं.

पावसाला फार दिवस नाहीत, आणि मधे पुन्हा गारा पडणार नाहीत असं कोणी लिहून दिलेलं नाही. ताडपत्री एका जागी फाटली आहे. कापलेले पाइप अजून मामाच्या वर्कशॉपच्या मागे पडून आहेत, मी लांबून बघून आले. काम सुरू करायला त्याला दोन दिवस पुरतील. पण तो आपणहून येणार नाही, आणि आई बोलावणार नाही, कारण बोलवायचं तर तिला सांगावं लागेल की नको कोण म्हणालं होतं. ती ते कधीच सांगणार नाही. हाताचं प्लास्टर निघेल, दुसऱ्या हाताला बसेल, तरी सांगणार नाही. म्हणजे ते मलाच सांगावं लागेल, आणि फोनवर नाही. बुद्ध पौर्णिमेला मामा सकाळीच विहारात असतो, पांढरा सदरा घालून खिरीच्या पातेल्यावर उभा. सगळी वस्ती तिथे असते, ती माणसंसुद्धा ज्यांच्यासमोर मी टेंपोतून उतरायचे. त्यांच्या देखतच सांगावं असं ठरवलं आहे, कारण त्यांच्या देखतच आईला हेकट ठरवलं गेलं.

हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं कुठे जाणार नाही, पण त्यात एक शेवटची गोष्ट खरी लिहून ठेवते. मी काय ठरवलंय ते आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती नको म्हणेल, चारचौघात कायले म्हणेल. आणि ती नको म्हणाली तर मला बरं वाटेल, हे मला माहीत आहे. म्हणून तिला न विचारता जाते आहे. येत्या शुक्रवारी, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, सकाळची वंदना सुरू व्हायच्या आधी.